विचारलेलं आणि न विचारलेलं

विसरण्याचं खापर आपण काळावर फोडतो. फार वर्षं झाली, आता कुठलं आठवायला, असं म्हटलं की विषय संपतो. जी गोष्ट वापरात नाही ती पुसट होते आणि जी पुन्हा पुन्हा आठवली जाते ती ताजी राहते, हे सगळ्यांनाच पटलेलं असतं. त्यातला उत्तरार्ध खराच आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक गोष्ट आहे, जिच्याकडे क्वचित कुणाचं लक्ष जातं, आणि हे पुस्तक तिच्यासाठी लिहिलं आहे: एक आठवण वारंवार वर काढताना तिच्याशी नातं असलेल्या दुसऱ्या आठवणी आपण खाली दाबत असतो. त्या नुसत्या पडून राहत नाहीत, पूर्वीपेक्षा जास्त अवघड होऊन बसतात.

हे सहजासहजी पटणारं नाही, म्हणून आधी थोडा इतिहास सांगायला हवा. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ केल्या, त्या किती लवकर विसरतात हे मोजलं आणि १८८५ मध्ये निष्कर्ष छापले. पहिल्या काही तासांत झपाट्याने आणि मग सावकाश उतरणारी त्याची वक्ररेषा आजही मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत असते. ती पाहिली की वाटतं, विसरणं घड्याळाच्या काट्याबरोबर चालतं. पण १९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डालेनबाख यांनी दोन विद्यार्थ्यांना अशाच याद्या पाठ करायला लावल्या. कधी ते पाठ करून लगेच झोपत, कधी जागे राहून आपली कामं करत. तेवढ्याच तासांनी विचारलं तर झोपून उठल्यावर त्यांना जास्त आठवे. वेळ सारखाच गेला होता, फरक मधल्या काळात मनात काय शिरलं याचा होता. १९३२ मध्ये जॉन मॅकगिओक याने काळावरचा आरोप खोडून काढणारा प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यात त्याने दाखला दिला तो लोखंडाचा. लोखंड काळाबरोबर गंजतं, पण त्याला गंजवतो ऑक्सिजन, काळ नव्हे. विसरण्यातही खरं काम करणारं काहीतरी काळाच्या आत शोधायला हवं, आणि ते म्हणजे आठवणींची एकमेकींतली लुडबुड, असं त्याचं म्हणणं.

या लुडबुडीचा सगळ्यात बोलका पुरावा १९५७ मध्ये बेंटन अंडरवुडने पुढे आणला. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे त्याने शेजारी शेजारी मांडले. आयुष्यात पहिल्यांदाच अशी यादी पाठ करणाऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी तिच्यातला सुमारे तीन चतुर्थांश भाग आठवत होता. ज्याने आधी पंधरा-वीस याद्या पाठ केल्या होत्या, त्याला जेमतेम चौथा हिस्सा. एबिंगहाउसने तर शेकडो याद्या पाठ केल्या होत्या. त्याची ती घसरती रेषा त्याच्या डोक्यात आधीपासून भरलेल्या याद्यांनी खाली ओढली होती. नव्या वर्गाची हजेरी घेताना मागच्या वर्षीच्या मुलाचं नाव तोंडात येणाऱ्या शिक्षकाला हे वेगळं सांगायला नको.

इथवरच्या संशोधनात आठवणी एकमेकींच्या आड येतात, पण आठवणारा माणूस जणू बाजूला उभा असतो. त्याने काही केलेलं नसतं. जुनं साठलेलं असतं, नवं येऊन पडतं, आणि गोंधळ होतो. माझ्या मते या विषयाला खरी कलाटणी मिळाली ती १९९४ मध्ये. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मायकेल अँडरसन, रॉबर्ट ब्यॉर्क आणि एलिझाबेथ ब्यॉर्क यांनी एक साधा पण फार विचारपूर्वक बेतलेला प्रयोग प्रसिद्ध केला. तो इथे सविस्तर सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे.

प्रयोगात भाग घेणाऱ्यांना शब्दांच्या जोड्या दाखवल्या: एक गट आणि त्यातली एक वस्तू. फळ आणि संत्रं, फळ आणि केळं, अशा. गट आठ, प्रत्येकात सहा वस्तू. मग अर्ध्या गटांतल्या अर्ध्याच वस्तूंची उजळणी करून घेतली. उजळणी म्हणजे नुसतं पुन्हा वाचणं नव्हे. ‘फळ’ हा शब्द आणि वस्तूच्या नावाची पहिली दोन अक्षरं दाखवायची, उरलेलं त्यांनी आठवून पुरं करायचं, असं तीन वेळा. संत्र्याची उजळणी झाली, केळ्याची झाली नाही. काही गट तर पूर्ण वगळले होते, त्यांतल्या एकाही वस्तूला कुणी हात लावला नाही. वीस मिनिटं जाऊ दिली आणि मग सगळ्या गटांतल्या सगळ्या वस्तू विचारल्या.

उजळणी झालेल्या वस्तू साहजिकच जास्त आठवल्या, शंभरातल्या सुमारे ७३. ज्या गटांना हातच लावला नव्हता त्यांतल्या सुमारे ४९ आठवल्या. आता मधल्या वस्तू, म्हणजे ज्यांच्या भावंडांची उजळणी झाली पण त्यांची झाली नाही, त्या किती आठवाव्यात? संत्र्यामुळे ‘फळ’ हा गट वारंवार डोळ्यांसमोर आला होता, तेव्हा केळ्यालाही थोडा फायदा व्हायला हवा, निदान तोटा तरी होऊ नये. प्रत्यक्षात त्या सुमारे ३८ आठवल्या. ज्या गटाकडे कुणी फिरकलंच नाही त्याच्याहूनही कमी. ४९ आणि ३८ यांच्यातलं हे अंतर मला या सगळ्या शास्त्रातलं सगळ्यात महत्त्वाचं अंतर वाटतं. पूर्ण दुर्लक्ष झालेल्या गोष्टीपेक्षा अर्धवट विचारलेल्या गोष्टीचं जास्त नुकसान झालं. या परिणामाला या पुस्तकात मी ‘स्मरणजन्य विस्मरण’ म्हटलं आहे.

त्याच प्रयोगमालेत आणि पुढच्या काही वर्षांत याच अभ्यासकांनी या परिणामाच्या कडा तपासल्या. फळ म्हटलं की चटकन ओठांवर येणाऱ्या वस्तूंची जास्त पीछेहाट झाली, क्वचित सुचणाऱ्यांची फारशी नाही. याचा अर्थ लावणं अवघड नाही. जो शब्द सारखा मध्ये घुसतो त्यालाच मागे रेटावं लागतं, गप्प बसलेल्याला रेटण्याची गरज पडत नाही. दुसरी गोष्ट अशी की संत्र्याची उजळणी वेगळ्या पद्धतीने केली, म्हणजे संत्रं पुढे ठेवून गटाचं नाव आठवायला लावलं, तर संत्रं तेवढंच पक्कं झालं पण केळ्याचं काही बिघडलं नाही. म्हणजे एक गोष्ट बळकट झाली म्हणून दुसरी दुबळी होते असं नाही. अनेकांतून एक निवडून काढण्याची झटापट होते तेव्हाच हे घडतं. आणि झटापट यशस्वीच व्हायला हवी असंही नाही. २००६ च्या एका प्रयोगात बेंजामिन स्टॉर्म आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ज्यांना उत्तरच नाही अशी अक्षरं देऊन लोकांना आठवायला लावलं. आठवलं काहीच नाही, तरी भावंडं मागे पडली.

१९९५ मध्ये अँडरसन आणि बार्बरा स्पेलमन यांनी आणखी एक चाचणी घेतली. ‘लाल’ या गटातल्या रक्ताची उजळणी करून घेतली, तर ‘लाल’मधला टोमॅटो मागे पडलाच, पण ‘खाद्यपदार्थ’ या वेगळ्याच गटात ठेवलेली स्ट्रॉबेरीही मागे पडली, कारण तीही लाल असते. तिच्याकडे खाद्यपदार्थांच्या बाजूने गेलं तरी ती सापडेना. यावरून अँडरसनने मत मांडलं की दाबली जाते ती मूळ आठवणच, तिच्याकडे जाण्याची एखादी वाट नव्हे.

मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या प्रयोगांविषयी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, इथे थोडक्यात सांगतो. २००७ मध्ये ब्राइस कूल आणि सहकाऱ्यांना दिसलं की एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आठवली की कपाळामागच्या भागाचे श्रम कमी होत जातात, आणि ज्यांच्या प्रतिस्पर्धी आठवणी जास्त दबल्या त्यांचे श्रम जास्त वाचले. २०१५ मध्ये मारिया विंबर, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी प्रतिस्पर्धी चित्राची मेंदूतली खूण दर उजळणीगणिक फिकट होताना टिपली. २०१८ मध्ये पेद्रो बेकिन्श्टाइन यांच्या गटाने हाच प्रकार उंदरांमध्ये दाखवला. मेंदूचा पुढचा भाग औषधाने तात्पुरता निकामी केला की उंदरांमधलं हे विसरणं थांबलं. शब्दांशी काही देणंघेणं नसलेल्या प्राण्यात ते आढळावं, यावरून त्याची मुळं किती खोल आहेत ते कळतं.

या सिद्धांताला आव्हानंही मिळाली आहेत. खरोखर काही दाबलं जातं की उजळणी झालेला शब्द नुसता वाट अडवून बसतो, हा वाद मिटलेला नाही. २०१३ मध्ये रायमेकर्स आणि याकाब यांनी दाबण्याच्या कल्पनेवर कडक टीका केली. त्याच वर्षी तान्या जोंकर आणि सहकाऱ्यांनी म्हटलं की उजळणीमुळे मनाचा संदर्भच बदलतो आणि परीक्षेच्या वेळी मन त्या बदललेल्या संदर्भात शोधत राहतं. परिणाम किती टिकतो यावरही एकमत नाही. २००१ मध्ये मॅल्कम मॅक्लाउड आणि नील मॅक्रे यांना तो एका दिवसाने नाहीसा झालेला दिसला, इतर काहींना तो त्याहून जास्त टिकलेला आढळला. मला स्वतःला दाबण्याची बाजू अधिक सबळ वाटते. पण परिणाम घडतो याविषयी दुमत फार कमी आहे, आणि या पुस्तकाला तेवढा पाया पुरेसा आहे.

हे विसरणं म्हणजे मेंदूचा दोष आहे असं समजू नये. आज गाडी कुठे लावली हे आठवताना काल, परवा, तेरवा लावलेल्या सगळ्या जागा सारख्याच जोमाने समोर आल्या तर माणूस वेडा होईल. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया याने सोलोमन शेरेशेव्स्की या अचाट स्मरणशक्तीच्या माणसाचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्याला पाठ केलेल्या याद्या विसरताच येत नसत. त्या मनातून घालवण्यासाठी तो त्या कागदावर लिहायचा आणि कागद जाळून टाकायचा, तरी त्या जात नसत. आपण रोज नकळत जे करतो ते त्याला प्रयत्न करूनही साधत नव्हतं. तेव्हा मागे सारण्याची ही शक्ती आपल्या कामाची आहे. तिचं मोल मान्य करूनच तिची किंमत कोण देतं हे विचारलं पाहिजे.

आपल्याकडच्या दर्शनकारांना हा प्रश्न अगदी अपरिचित नव्हता. मनात इतके संस्कार साठलेले असताना सगळ्या स्मृती एकदम का उगवत नाहीत, असा प्रश्न न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायात उभा केला आहे. स्मृती जागवणारी कारणं एकाच वेळी हजर नसतात, असं त्याचं उत्तर आहे. पुढे त्या कारणांची लांबलचक यादी आहे, तिच्यात अभ्यास आहे, साम्य आहे, सुखदुःख आहे, आणि विरोधही आहे. योगसूत्रांच्या पहिल्या पादाच्या उपान्त्य सूत्रात तर एक संस्कार इतर संस्कारांना अडवतो, असं स्पष्ट म्हटलेलं आहे. तिथला विषय समाधीत मिळणाऱ्या प्रज्ञेचा आहे, याद्या पाठ करण्याचा नाही, आणि या दोन गोष्टींची ओढून ताणून सांगड घालणं मला मान्य नाही. पण स्मृती स्मृतीला अडवू शकते, ही कल्पना या मातीत नवी नाही एवढं नोंदवायला हरकत नसावी.

आता व्यवहाराकडे वळू, कारण या पुस्तकाचा बराच भाग व्यवहाराचा आहे. वर्गापासून सुरुवात करतो. परीक्षा जवळ आली की मुलं प्रत्येक प्रकरणातले चार अपेक्षित प्रश्न घोकतात. प्रकरण एकदा वाचलेलं असतंच, तेव्हा न घोकलेला भागही आपल्या जागी असेल असं त्यांना वाटतं. वरच्या प्रयोगावरून दिसतं की अर्ध्या प्रकरणाच्या अशा घोकंपट्टीने उरलेलं अर्धं प्रकरण, निदान काही काळ, आणखी दूर जाऊ शकतं. पण यालाही दुसरी बाजू आहे आणि ती दिलासा देणारी आहे. २००६ मध्ये जेसन चॅन, कॅथलीन मॅकडरमॉट आणि हेन्री रोडिगर यांनी विद्यार्थ्यांना टुकान पक्ष्यावरचा एक लेख वाचायला दिला आणि त्यातल्या काही गोष्टींवरच प्रश्न विचारले. दुसऱ्या दिवशी न विचारलेल्या पण त्यांच्याशी संबंधित गोष्टीही जास्त आठवल्या. हे नेमकं उलटं का झालं? त्या लेखातल्या गोष्टी एकमेकींना अर्थाने बांधलेल्या होत्या. एक ओढली की दुसरी बरोबर येत होती. अँडरसननेही १९९९ मध्ये कॅथलीन मॅककलक यांच्याबरोबर दाखवलं होतं की शिकतानाच वस्तू एकमेकींत गुंफल्या तर दाबण्याचा परिणाम कमी होतो. सुट्या सनावळ्या एकमेकींना मारतात. त्याच सनावळ्या एका घटनाक्रमात कळलेल्या असल्या तर एकमेकींना तारतात. इतिहासाच्या शिक्षकांनी यापेक्षा अधिक काही ऐकलं नाही तरी चालेल.

भाषेच्या बाबतीत मी सावध आहे. २००७ मध्ये बेंजामिन लेव्ही, अँडरसन आणि सहकाऱ्यांनी स्पॅनिश शिकणाऱ्या इंग्रजीभाषक अमेरिकी विद्यार्थ्यांना चित्रांची नावं वारंवार स्पॅनिशमध्ये सांगायला लावली. नंतर त्याच वस्तूंचे मातृभाषेतले शब्द त्यांना जास्त अवघड गेले, आणि ज्यांचं स्पॅनिश कच्चं होतं त्यांना जास्तच. नंतरच्या काही प्रयोगांत हा निष्कर्ष तसाच मिळाला नाही. इंग्रजी माध्यमात गेलेली मुलं घरातल्या वस्तूंची मराठी नावं विसरतात, यावर या एका प्रयोगाच्या जोरावर भाष्य करणाऱ्यांनी थांबावं, असं मला वाटतं. तो प्रश्न मोठा आहे आणि त्याला शाळा, घर, नोकरी असे अनेक पदर आहेत.

साक्षीदाराचा प्रश्न मात्र थांबण्यासारखा नाही. १९९५ मध्ये शॉ, ब्यॉर्क आणि हँडल यांनी लोकांना एका खोलीची चित्रं दाखवली आणि नंतर तिथल्या काही वस्तूंबद्दल चौकशी केली. ज्या वस्तूंबद्दल विचारलं त्या पक्क्या झाल्या, त्यांच्याच जातीच्या न विचारलेल्या वस्तू मागे पडल्या. पोलीस चौकीतला नेहमीचा जबाब आठवून पाहा. चोर किती उंच होता, शर्ट कुठल्या रंगाचा, गाडीचा नंबर काय? तपासाला त्या क्षणी जे हवं तेच विचारलं जातं. आठवडाभराने तपासाची दिशा बदलते आणि दुसऱ्या माणसाबद्दल विचारावं लागतं, तेव्हा त्याची आठवण पहिल्या चौकशीने अधिक अंधुक केलेली असू शकते. आपल्या १८७२ च्या पुरावा कायद्यात उत्तर तोंडात घालणाऱ्या सूचक प्रश्नांवर बंधन होतं, आणि घटनेच्या वेळी लिहिलेला कागद पाहून साक्षीदाराला स्मृती ताजी करायची मुभाही होती. दोन्ही तरतुदी शहाणपणाच्या होत्या. पण प्रश्नात काही सुचवलेलं नसलं तरी नुसत्या अर्धवट प्रश्नाने हानी होते, ही जाणीव कायदा करणाऱ्यांना तेव्हा असणं शक्य नव्हतं. आज असायला हवी. रोनाल्ड फिशर आणि एडवर्ड गाइझलमन यांनी १९८० च्या दशकात साक्षीदाराशी बोलण्याची जी पद्धत बसवली, तिच्यात आधी साक्षीदाराला त्या जागी मनाने परत न्यायचं, मग जे जे आठवेल ते बिनमहत्त्वाचं वाटलं तरी सांगू द्यायचं, आणि नेमके प्रश्न नंतर विचारायचे, असा क्रम आहे. हा क्रम आपल्या प्रत्येक पोलीस प्रशिक्षण केंद्रात शिकवला जावा.

या सगळ्यात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारं संशोधन न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमधलं आहे. २००७ मध्ये अलेक्झांड्रू कुक, जोनाथन कॉपेल आणि विल्यम हर्स्ट यांनी दाखवलं की विसरण्यासाठी स्वतः बोलण्याचीही गरज नसते. एकजण गोष्टीतला काही भाग सांगतो, दुसरा ऐकतो. ऐकणाराही मनातल्या मनात बोलणाऱ्याबरोबर आठवत जातो, आणि बोलणाऱ्याने जे वगळलं ते दोघांच्याही मनात मागे पडतं. २००९ मध्ये याच गटाने ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्याविषयीच्या आठवणींवर हाच प्रयोग केला. हा दिवस कुणी विसरेल असं वाटलं नव्हतं. तरी संभाषणात ज्याचा उल्लेख झाला नाही पण ज्याच्याशी संबंधित गोष्टी बोलल्या गेल्या, ते दोघांनाही आठवायला जड गेलं. म्हणजे एका माणसाचं गप्प राहणं दुसऱ्याच्या आठवणीतही उतरतं. घरात रोज एकच किस्सा सांगणारे वडील, समारंभात दर वेळी एकच प्रसंग रंगवणारे वक्ते, वर्धापनदिनाचे विशेषांक काढणारे संपादक, या सगळ्यांच्या हातात किती सत्ता आहे, हे यावरून ध्यानात यावं.

एक उदाहरण देतो. हे प्रयोगाने सिद्ध झालेलं नाही, मला पडलेला प्रश्न आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दर वर्षी तो दिवस जवळ आला की वाचलेल्यांना विचारलं जातं: त्या पहाटे तुम्ही कुठे होता, कसे वाचलात, घरातलं कोण गेलं? विचारणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण भूकंपानंतर लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या पन्नासच्या वर गावांची नव्या जागी उभारणी झाली. जुनं गाव मोडलं. त्या गावात कुणाच्या शेजारी कोण राहत होतं, पार कुठे होता, पोळ्याला बैल कुठल्या वाटेने निघत, दुष्काळात कुठल्या विहिरीचं पाणी टिकत होतं, हे ज्यांनी पाहिलं त्यांचं आता वय झालं आहे. त्यांना गाव म्हटलं की तीच एक पहाट आठवायला लावण्यात तीस वर्षं गेली. आधीचं गाव त्यांच्याकडून कितीसं विचारून घेतलं आपण?

पण समाजाच्या प्रत्येक विस्मरणाला या एका सूत्रात बसवू नये. १९७८ मध्ये दया पवारांचं ‘बलुतं’ आलं, १९८० मध्ये लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’, आणि मराठी वाचकाला आपल्याच गावाची न सांगितली गेलेली बाजू वाचायला मिळाली. ती बाजू कुणी विसरलं होतं म्हणून दडली होती असं म्हणणं हा त्या माणसांवर अन्याय होईल. ज्यांनी ते भोगलं त्यांच्या मनात ते लख्ख होतं. त्यांना कुणी विचारत नव्हतं, त्यांनी सांगितलं तर ऐकत नव्हतं. तिथे मेंदूचा काही संबंध नव्हता, जातीचा होता. मानसशास्त्राने फार तर एवढं सांगावं की गावाची एकच बाजू पिढ्यानपिढ्या सांगत आणि ऐकत आलेल्यांना ही पुस्तकं वाचताना एवढा धक्का का बसला असेल.

चांगलं विचारणं म्हणजे काय, याचा एक नमुनाही आपल्याकडेच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांचा संग्रह एक लाखाहून अधिक ओव्यांचा झाला. जात्यावर बसलं की ओवी सुचते, असं आपण सहज म्हणून जातो, पण त्यात स्मृतीचं मर्म आहे. बाईला समोर बसवून ‘तुम्हाला कुठकुठल्या ओव्या येतात’ असं विचारलं तर नेहमीच्या चार येतील, आणि त्या चार पाचवीला अडवतील. हात चालू असला, बरोबरची बाई एक कडवं म्हणत असली, माहेराचा, भावाचा, पंढरीचा विषय आपल्या गतीने येत असला तर तिच्याकडून जे निघेल ते प्रश्नावलीने निघणार नाही.

हे पुस्तक मी शिक्षकांसाठी, वकील-पोलिसांसाठी, पत्रकारांसाठी लिहिलं आहे, आणि त्याहून जास्त अशा वाचकांसाठी, ज्यांच्या घरात अजून कुणीतरी म्हातारं माणूस आहे. त्यातली शास्त्रीय प्रकरणं कुणी गाळली तरी माझी तक्रार नाही. एक विनंती मात्र आहे. आजीशी किंवा मामांशी बोलायला बसाल तेव्हा तुम्हाला आधीपासून ठाऊक असलेल्या किश्श्याने सुरुवात करू नका. त्यांना हवं तिथून सुरू करू द्या, मध्ये तोडू नका, आणि बोलणं थांबलं की जे नाव अजून एकदाही आलेलं नाही त्याबद्दल विचारा. धाकट्या बहिणीबद्दल, शेतावरच्या गड्याबद्दल, शाळेतून काढलेल्या मुलीबद्दल, विकून टाकलेल्या घराबद्दल विचारा. ते बोलतील ते त्याच दिवशी लिहून ठेवा. हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलू नका.